हील्स घालून दिवसभर चालायचं तर पाय कसे सांभाळायचे

ताई म्हणून विचारलंस म्हणून मी पण सरळ तू म्हणते. तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे की नवीन कामावर साधारण ३ इंचाच्या हील्स घालाव्या लागतात, दिवसभरात चार-पाच किलोमीटर चालणं सहज होतं, दोन तासांतच चवडा भगभगायला लागतो, टाचेला मागच्या बाजूने फोड येतो, आणि चावतात म्हणून एक साइज मोठे शूज घेतले तर त्रास कमी व्हायच्या ऐवजी वाढला. तो वाढला का इथूनच सुरू करते, कारण ते एकदा नीट कळलं ना की बाकीचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

मी १७ वर्षं इव्हेंट्समध्ये काम करतेय, पाहुण्यांना घेऊन इकडून तिकडे जायचं, आठ-दहा तास पायावर, आणि बहुतेक वेळा हील्समध्येच. गेली काही वर्षं नवीन मुलींना तयार करायचं काम माझ्याकडे आहे आणि पहिल्या दिवशी मी त्यांना बोलायचं कसं, उभं राहायचं कसं हे नंतर शिकवते, आधी सगळ्यांचे शूज काढायला लावून पाय बघते. लाल कुठे झालंय, घट्टा कुठे पडलाय, त्यावरून शूज कुठे चुकलाय ते लगेच दिसतं.

आता एक करून बघ. डाव्या हाताच्या पाठीवर उजव्या हाताचं बोट घट्ट दाबून ठेव आणि बोट अजिबात न घसरवता पुढे-मागे हलव. वरची कातडी बोटाला चिकटून बोटाबरोबर जाते, खालचं हाड जागेवर राहतं, आणि मधल्या मधे कातडी ताणली जाते. फोड असाच येतो. आपल्याला वाटतं शूज वरून घासला म्हणून फोड आला, पण वरून घासलं तर कातडी सोलवटते, ते वेगळं. फोडात कातडीच्या आतल्या थरांवर असा ताण पडून पडून ते थर एकमेकांपासून सुटतात आणि मधल्या पोकळीत पाणी भरतं. ५ किलोमीटर चालायला साधारण सात हजार पावलं लागतात, म्हणजे प्रत्येक टाचेला साडेतीन हजार वेळा तो ताण, आणि हील्समध्ये पाऊल छोटं पडतं म्हणजे आकडा अजून वर. त्यात घाम असेल तर कातडी ओलसर होते आणि ओलसर कातडी शूजला जास्त पकडून धरते, कोरडी कातडी त्यापेक्षा सहज सुटते.

म्हणजे मुद्दा असा की पाय शूजच्या आत सरकता कामा नये. मी जे काही पुढे सांगणारे ते सगळं या एकाच गोष्टीसाठी.

हील असली की पाय उतारावर उभा असतो. अंगाचं वजन त्याला सतत पुढे ढकलतं, बोटं पुढे जाऊन निमुळत्या भागात कोंबली जातात, आणि पाय पुढे गेला की मागे टाचेला जागा मोकळी होते, मग प्रत्येक पावलाला टाच वर-खाली होते आणि तिथे फोड येतो. तू फोड टाचेला बघून टाचेची जागा सैल केलीस, पण मूळ सरकणं पुढच्या बाजूला होतं. मोठ्या साइजमध्ये पाय अजून पुढे गेला, मागची फट अजून वाढली आणि वर बोटांनी शूज पकडून ठेवायची सवय लागली ती वेगळीच, पोटऱ्या दुखतात त्याचं एक कारण ते पण असतं. हील्स चावतात म्हणून मोठी साइज घेणं ही मी बघितलेली सगळ्यात कॉमन चूक आहे. बहुतेक वेळा लांबी बरोबर असते, रुंदी कमी पडत असते. त्यामुळे त्याच साइजमध्ये रुंद फिटिंग किंवा गोल, चौकोनी पुढा असलेला शूज शोधायचा.

विकत घेताना संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि सकाळी परफेक्ट बसलेला शूज संध्याकाळी आवळतो. दोन्ही पाय घालून बघ, बहुतेकींचा एक पाय किंचित मोठा असतो, साइज त्या मोठ्या पायाची घ्यायची आणि दुसऱ्या शूजमध्ये पॅड टाकायचं. घरी कागदावर उभी राहून पायाची बाह्यरेषा काढून ठेव आणि तो कागद दुकानात ने, शूज त्या चित्रावर ठेवला आणि करंगळी, अंगठ्याची रेषा शूजच्या बाहेर डोकावत असेल तर तो शूज कितीही सुंदर असला तरी चालायच्या कामाचा नाही, बसायच्या कार्यक्रमाला घाल. आणि दुकानात गालिच्यावर चालून बघू नकोस, टणक फरशीवर चाल, नुसती दहा-बारा पावलं नकोत, निदान पाच मिनिटं, वळून बघ, जिना असेल तर उतरून बघ कारण उतरताना पाय पुढे सरकतो की नाही ते लगेच कळतं.

उंचीबद्दल सगळ्या जणी फक्त मागची हील मोजतात, पण पायाला कळतो तो फरक. मागे ३ इंच आणि पुढे चवड्याखाली १ इंचाचा प्लॅटफॉर्म असेल तर पाय प्रत्यक्षात २ इंचाच्याच उतारावर असतो. तुझ्या ऑफिसला ३ इंच दिसायला हवी असेल तर हा सगळ्यात सोपा मार्ग. फक्त प्लॅटफॉर्म फार जाड असला की जमीन पायाला कळत नाही आणि घोटा मुरगळायची भीती वाढते, म्हणून पाऊण-एक इंचाच्या पुढे मी स्वतः जात नाही. तुझ्या पायाला किती उंची झेपते ते बघायला एक टेस्ट करते मी, शूज घालून सरळ उभं राहायचं आणि त्यातून अजून टाचा वर उचलायच्या, बोटभर तरी आरामात उचलता आल्या पाहिजेत. आल्या नाहीत तर घोटा आधीच शेवटच्या टोकाला पोचलाय, त्या उंचीवर तू उभी राहू शकशील, चालू शकणार नाहीस.

शूज हातात घेऊन पण बघ. मधे वाकवून बघायचा, तो फक्त चवड्याच्या जागी वाकला पाहिजे, कमानीच्या जागी कडकच हवा, तिथे आत एक पट्टी असते ती कच्ची असली की सगळा शूज लवतो आणि पाय दमतो. टेबलावर ठेवून हलवला तर डुगडुगायला नको. हील टाचेच्या बरोबर मध्याखाली हवी, पार मागच्या कडेला नको. घातल्यावर पायाची कमान शूजला टेकलीये का बघ, टेकली नाही तर सगळं वजन टाच आणि चवडा या दोनच जागांवर येतं. आणि पट्टा! घोट्याभोवती किंवा पायाच्या वरून जाणारा पट्टा असेल तर पाय मागे धरून ठेवायचं काम तो करतो. उघड्या पंप्समध्ये, म्हणजे बिनपट्ट्याच्या शूजमध्ये, ते काम करणारं काहीच नसतं, म्हणून लांब चालायचं असेल तर मी पंप्सला सरळ नाही म्हणते. ब्लॉक हील आणि वेजबद्दल तुला माहीतच असेल, पेन्सिल हीलपेक्षा तोल सोपा, पण चवड्यावरचं वजन उंचीवरून ठरतं, हील जाड आहे म्हणून चवडा दुखणार नाही असं नाही हं.

आता पॅड्स. इथे लोक हमखास गडबड करतात, एकदम चार प्रकारची आणतात आणि सगळी कोंबतात, मग शूजमध्ये पायालाच जागा उरत नाही. एका वेळी एक लाव. आधी पुढचं सरकणं थांबव, चवड्याखाली पातळ, पृष्ठभाग न घसरणारा असा पॅड, अर्धा दिवस चालून बघ. नव्वद टक्के वेळा टाचेचं दुखणं यानेच कमी झालेलं मी बघितलंय. त्यानंतरही टाच निसटत असेल तरच मागे हील ग्रिप, म्हणजे टाचेमागे शूजच्या आतून लावायची पट्टी, चिकटव. चवडा भगभगतो त्यासाठी एक छोटा उंचवट्यासारखा पॅड मिळतो, थेंबाच्या आकाराचा, मेटाटार्सल पॅड म्हणतात. तो जिथे दुखतं तिथे लावायचा नसतो! चवड्याच्या हाडांच्या किंचित मागे, कमान सुरू होते तिथे लावायचा, म्हणजे तो हाडांना मागून उचलून धरतो आणि दाब वाटला जातो. दुखऱ्या जागेखालीच ठेवला तर दाब तिथेच वाढतो आणि मग मुली म्हणतात पॅडने काही होत नाही. जागा कळायला चवड्यावर लिपस्टिकचा ठिपका दे, शूज घालून उभी राहा, आत डाग उमटेल, त्याच्या जरा मागे पॅड. खूप जाड मऊ जेल मात्र टाळ, हाताला छान वाटतं पण पाय त्यावर डोलतो आणि डोलणं म्हणजे परत सरकणंच.

कातडीचं बघू. माझं सगळ्यात विश्वासाचं हत्यार म्हणजे साधी कागदी सर्जिकल टेप, औषधाच्या दुकानात मिळते ती. २५० किलोमीटरच्या अनेक दिवसांच्या शर्यतीतल्या धावपटूंवर याचा अभ्यास झाला होता, तो २०१६ साली छापून आला, टेप लावलेल्या जागी फोड सुमारे ४० टक्के कमी आले. मी त्याच्या आधीपासून वापरतेय पण वाचून बरं वाटलं. सकाळी पाय धुऊन पूर्ण कोरडे करायचे, क्रीम लावलेलं नको, टेपचे कोपरे कात्रीने गोल कापायचे म्हणजे ते उचकटत नाहीत, न ताणता सपाट लावायची, सुरकुती राहिली तर तिचाच फोड येतो. टाचेची मागची बाजू, करंगळीची बाहेरची बाजू, अंगठ्याच्या बुडाचं हाड, जिथे आधी आलेत तिथे आधीच लावायची, दुखायला लागल्यावर नाही.

व्हॅसलीन खूप जणी सांगतात. ते सुरुवातीला खरंच काम करतं, पण तासा-दोन तासांनी कातडीत मुरतं, कातडी मऊ पडते आणि मग परिस्थिती आधीपेक्षा वाईट होते, त्यामुळे लावायचं तर परत परत लावायची तयारी ठेव. आणि टेप आणि व्हॅसलीन एकाच जागी नाही, टेप सुटून गोळा होईल. मी पट्ट्याखाली, जिथे टेप दिसते म्हणून नको वाटते तिथे, बाम-स्टिक वापरते. खूप घाम येत असेल तर पायाला घाम रोखणारं अँटिपर्स्पिरंट पण लावतात, यावर अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतल्या कॅडेट्सवर केलेला अभ्यास १९९८ साली छापून आलाय, २१ किलोमीटर चालल्यावर नुसतं खोटं औषध लावलेल्यांत ४८ टक्क्यांना फोड आले आणि खरं लावलेल्यांत २१ टक्क्यांना. पण त्याच अभ्यासात ५७ टक्क्यांच्या कातडीला जळजळ, खाज असा त्रास झाला, म्हणून मी हे सगळ्यांना सांगत नाही, ज्यांचे पाय अक्षरशः ओले होतात त्यांनीच, आणि आधी छोट्या जागेवर लावून बघून, आणि रात्री झोपताना लावायचं, सकाळी घाईत नाही.

नवीन शूज पहिल्याच दिवशी कामाला नको, कितीही मऊ असले तरी. घरात पहिल्या दिवशी वीस मिनिटं, मग अर्धा तास, मग तासभर असं आठवडाभर. चामड्याचे असतील तर जाड मोजे घालून शूज चढवायचे, आवळणाऱ्या जागी हेअर ड्रायरने कोमट हवा द्यायची आणि थंड होईपर्यंत पाय आतच ठेवायचा, हळूहळू सैलावतात. ड्रायर लांब धर, चामडं भाजायला नको. सिंथेटिक आणि चकचकीत पेटंटचे मात्र फारसे सैल होत नाहीत, ते पहिल्या दिवशी जसे बसतात तसेच कायम बसणार असं धरूनच घे.

चालताना पाऊल नेहमीपेक्षा छोटं टाक, टाच आधी टेकव आणि लगेच चवडा, पूर्ण सपाट पाय आपटत चालू नको. उतारावर सरळ खाली न जाता जरा तिरकं चाल, पाय पुढे कमी सरकतो. हीलच्या खालचं छोटं रबर झिजलंय का दर पंधरा दिवसांनी बघ, एका बाजूने झिजलं की आख्खा पाय कलतो आणि तुला कळत पण नाही कुठून दुखतंय, चांभाराकडे दहा मिनिटांचं काम आहे. आणि येण्याजाण्याचं अंतर फ्लॅट्समध्ये कर ना, यात कमीपणा काहीच नाही, मी सतरा वर्षं बॅगेत दुसरा जोड बाळगते. तुझ्या पाच किलोमीटरांतले दोन जरी त्यात गेले तरी टाचेवरची हजारभर पावलं वाचली.

आता सगळ्यात महत्त्वाचं, फोड यायच्या आधी जागा हुळहुळते. गरम लागते, चुरचुरते, लाल होते. तेव्हा थांबायचं. त्याच मिनिटाला, हे एवढं उरकून बसते असं नाही. शूज काढ, पुसून कोरडं कर, टेप लाव, पाच मिनिटात परत कामाला. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका मोठ्या इव्हेंटला मी हे केलं नाही, सगळ्यांसमोर कशी बसू म्हणून चार तास तशीच चालले, फोड आतल्या आत फुटला, त्यात पू झाला आणि नऊ दिवस मला पायात काही घालता आलं नाही, पुढची दोन कामं गेली. तेव्हापासून माझ्या टीममध्ये नियमच आहे की जिची टाच हुळहुळेल तिने सांगायचं आणि दुसरीने तिची जागा घ्यायची, कुणी काही बोलणार नाही.

आलाच फोड तर छोटा असेल तर फोडू नको. वरची कातडी म्हणजे तयार मलमपट्टी आहे, तिच्याखाली नवीन कातडी येते. वरून हायड्रोकोलॉइड पट्टी, म्हणजे जेलसारखा थर असलेली चिकटपट्टी, लाव आणि ती आपणहून सुटेपर्यंत दोन-चार दिवस ओढू नको, रोज काढून बघितलं तर नवीन कातडी पण निघून येते. मोठा असेल, ठणकत असेल, पाऊल टाकता येत नसेल तर हात आणि जागा साबणाने धुऊन, निर्जंतुक सुईने कडेला छोटं भोक पाडायचं, पाणी हलक्या हाताने दाबून काढायचं, पण वरची कातडी कापायची नाही. आजूबाजूला लाली पसरायला लागली, पू दिसला, ताप आला तर सरळ डॉक्टर. आणि डायबेटिस असेल किंवा पायाला संवेदना कमी असेल तर यातलं काहीही घरी करायचं नाही, साध्या फोडाला पण डॉक्टरकडेच जायचं, कारण अशा पायाची जखम चिघळली तरी दुखत नाही.

दोन गोष्टी लोक सांगतील त्या करू नकोस. एक म्हणजे पाय बधिर करणारा स्प्रे मारून चालणं. दुखणं थांबतं पण ताण तेवढाच पडत राहतो, आणि बधिर पायाने घोटा मुरगळला तर ते वेगळंच. दुसरी गोष्ट म्हणजे पायाचं तिसरं आणि चौथं बोट टेपने एकत्र बांधलं की चवडा दुखत नाही म्हणतात. मी आणि माझ्या मुलींनी करून बघितलंय, काहींना जरा बरं वाटलं, काहींना बोटांमधेच फोड आले. त्या दोन बोटांच्या मधे विजेसारखी चमक येत असेल, बधिर वाटत असेल, शूजमध्ये खडा गेल्यासारखं वाटत असेल तर तिथली नस दाबली जात असू शकते, ते बांधून झाकायचं नाही, दाखवायचं.

रात्री घरी आल्यावर पोटऱ्या ताणायच्याच. भिंतीला हात टेकून एक पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीवर, अर्धा मिनिट, दोन्ही पाय तीनदा. २०१० साली एक अभ्यास आला होता, वर्षानुवर्षं उंच हील्स घालणाऱ्या बायकांच्या पोटरीतले स्नायूंचे धागे सुमारे १३ टक्के आखूड आणि टाचेमागची शीर जास्त ताठ झालेली आढळली. सुट्टीच्या दिवशी सपाट चप्पल घातल्यावर उलट टाच दुखते ती यामुळे. म्हणून रोज तीच उंची नको, आज ३ इंच तर उद्या दीड, असं आलटून पालटून. क्रीम लावायचं ते रात्रीच. घट्टे फार जाड झाले तर हलके घासून काढ, पण मोठ्या दिवसाच्या आदल्या दिवशी पेडिक्युअर करून पाय अगदी गुळगुळीत करू नकोस, कोवळी कातडी पटकन फुटते, चार-पाच दिवस आधी कर आणि नखं पण तेव्हाच काप.

तू आता घेतलेले मोठ्या साइजचे शूज परत होत असतील तर करून टाक. होत नसतील तर आधी आत पूर्ण लांबीचा पातळ सोल घाल, त्यावर चवड्याखाली पॅड, मग लागली तरच मागे ग्रिप, आणि चांभाराकडून पायावरून एक बारीक पट्टा लावून घे, बहुतेक शूजना लावता येतो. एवढं करून घरात तासभर चाल. टाच तरीही निसटत असेल तर ते शूज बसायच्या कामाला ठेव आणि या आठवड्यात तुझ्या खऱ्या साइजचे, रुंद पुढ्याचे, पट्ट्याचे बघ. टाचेवरचा आत्ताचा फोड पूर्ण भरेपर्यंत मात्र कुठलीच बंद टाचेची हील नाही, ऑफिसला सांग आणि मागून उघडी सपाट सँडल घाल.